आठ बाय बेचाळीसची दुर्बीण, विद्यापीठातली झाडं आणि आमचे बाबा

पहिली दुर्बीण सातशे रुपयांची होती आणि तिच्यावर ३०×६० असं ठसठशीत छापलेलं होतं. बाबांचं म्हणजे माझ्या सासऱ्यांचं दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले आता महिन्याभराने खुशाल फिरा, बघा, मजा करा, म्हणून मी उत्साहाच्या भरात एका साइटवरून मागवली. जाहिरातीतला माणूस डोंगरावर उभा राहून वाघ बघत होता आणि खाली लिहिलं होतं की रात्रीपण दिसतं. आली ती तळहातावर मावेल एवढी, पुढची भिंगं लालभडक, जत्रेतल्या गॉगलसारखी. डोळ्याला लावली तर समोरच्या बिल्डिंगवरची पाण्याची टाकी हिरवट दिसायची आणि वर दोन दिसायच्या, एकीवर एक चढलेल्या. बाबांनी दोन मिनिटं बघितलं, शांतपणे टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "अगं, मोतीबिंदू होता तेव्हा यापेक्षा बरं दिसायचं."

तर हा रिव्ह्यू त्या दुर्बिणीचा नाही, तिच्या नंतर आलेल्या दुर्बिणीचा आहे. तिला आता वर्ष होतंय आणि ती जवळजवळ दर रविवारी पुणे विद्यापीठात, अधूनमधून वेताळ टेकडीवर आणि पाषाण तलावावर वापरली गेलीये, पावसात भिजलीये, एकदा पोह्यात पडलीये. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण या किमतीत पाच-सहा कंपन्यांचा माल जवळपास सारखाच असतो आणि नाव लिहिलं की लोक बाकी काही न वाचता तेच मागवतात. काय बघून घ्यायचं ते सांगते, नाव तुम्ही ठरवा.

आधी ते आकडे. ८×४२ म्हणजे आठ पट जवळ दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. ऐंशी मीटरवरचा पक्षी दहा मीटरवर असल्यासारखा दिसतो, बास, एवढंच. लोकांना वाटतं आकडा जेवढा मोठा तेवढं भारी, मलाही वाटायचं. पण पट वाढली की हाताची थरथरही तेवढ्याच पटीने वाढते, आणि तीस पट असेल तर स्टँडशिवाय काहीही दिसत नाही, नुसता भूकंप दिसतो. (माझ्या त्या सातशेवालीत तीस पट नव्हतीच, चार असेल नसेल, पण छापायला काय जातं.) शिवाय पट वाढली की दिसणारा तुकडा लहान होतो. झाडात पक्षी शोधायचा तर मोठा तुकडा दिसायला हवा, नाहीतर तुम्ही पानं मोजत बसता आणि पक्षी उडून जातो. आठवालीतून हजार मीटरवरचा साधारण सव्वाशे ते दीडशे मीटर रुंदीचा पट्टा एका वेळी दिसतो, नवख्या माणसाला तेवढा लागतोच. दहावाली दुकानात लावून बघितली, मला जमली असती, बाबांच्या हाताला नाही.

दुसरी घेतली कॅम्पातल्या एका छोट्या कॅमेऱ्याच्या दुकानात, साडेआठ हजाराला. ऑनलाइन सात-आठशे रुपये स्वस्त मिळाली असती हे खरं, पण त्या काकांनी आम्हाला चार दुर्बिणी देऊन सरळ फुटपाथवर उभं केलं आणि म्हणाले, समोरच्या बोर्डवरची कबुतरं बघा, घाई नाही. एक युक्तीपण शिकवली. दुर्बीण डोळ्यापासून हातभर लांब धरायची, उजेडाकडे करायची आणि मागच्या भिंगात बघायचं, आत उजेडाचा एक छोटा ठिपका दिसतो. तो ठिपका स्वच्छ गोल असेल तर आतला लोलक चांगल्या काचेचा, कडा कापल्यासारख्या चौकोनी आणि करड्या दिसत असतील तर हलक्या काचेचा. दोन दुर्बिणी तिथेच बाद झाल्या. किमतीत मात्र एक रुपया कमी केला नाही, पुसायचं फडकं तेवढं दिलं.

मला चष्मा आहे, उणे चार. चष्मेवाल्यांनी एक गोष्ट नक्की विचारायची, मागच्या भिंगापासून डोळा किती लांब ठेवला तरी पूर्ण गोल दिसतो. पंधरा मिलिमीटर तरी पाहिजे. कमी असेल तर चष्म्यातून किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं दिसतं. आमचीत सतरा आहे, मला पुरतं. मागचे रबरी कप मी आत फिरवून घेते, बाबांना ऑपरेशननंतर लांबचा नंबरच राहिला नाही त्यामुळे ते कप बाहेर काढतात.

आणि इथून आमच्या घरात भांडण सुरू झालं.

दुर्बिणीच्या उजव्या डोळ्यापाशी एक अंगठी असते, डायॉप्टर म्हणतात. आपले दोन्ही डोळे सारखे नसतात म्हणून ती. करायचं असं: उजवा डोळा झाकून मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला लांबची एक पाटी स्पष्ट करून घ्यायची, मग डावा झाकून फक्त ती अंगठी फिरवून उजव्याला तीच पाटी स्पष्ट करायची. एकदाच करायचं, मग आयुष्यभर फक्त मधलं चाक. हे एका माणसाचं झालं. आम्ही दोघं. मी बघून दिली की बाबा अंगठी फिरवणार, कप बाहेर काढणार, दोन नळ्यांमधलं अंतर बदलणार, तोवर पक्षी गेलेला. मग ते मला देणार, मग मी सगळं परत. मला वाटायचं हे उगाच कटकट करतात, एवढासा फरक असेल तर डोळा सांभाळून घेतो की. माझा घेतो. त्यांचा घेत नाही! नंतर डॉक्टरांनाच विचारलं तेव्हा कळलं, ऑपरेशनमधे जे कृत्रिम भिंग बसवतात ते आपल्या भिंगासारखं जाड-बारीक होत नाही, त्यामुळे डोळा स्वतःहून फोकस करू शकत नाही, जे करायचं ते दुर्बिणीनेच करायचं. म्हणजे अंगठी केसभर हलली तरी त्यांना धूसर. मी महिनाभर उगाच मनातल्या मनात करवादत होते.

आम्ही राहतो औंधात. रविवारी नवरा झोपलेला असतो, आम्ही सव्वासहाला निघतो. विद्यापीठ चौकाबद्दल काय बोलायचं, २०२० मधे जुना उड्डाणपूल पाडला तेव्हापासून तिथून जाताना प्रत्येकाने आपापल्या देवाचं नाव घेतलंय, पण रविवारी पहाटे तोच चौक इतका निवांत असतो की ओळखू येत नाही. मेन गेटपाशी बाबा दर वेळी थांबतात आणि दर वेळी सांगतात की याच गणेशखिंड रस्त्यावर २२ जून १८९७ ला रात्री, राणीच्या हीरकमहोत्सवाचा सोहळा आटपून गव्हर्नमेंट हाउसमधून परतणाऱ्या रँडला चापेकरांनी गाठलं. मी दर वेळी हो का म्हणते. त्यांचं बालपण कसब्यात गेलंय, इतिहास सांगितल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नाही.

ते गव्हर्नमेंट हाउस म्हणजे विद्यापीठाची आत्ताची मुख्य इमारत. १८६४ मधे बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना काम सुरू झालं, १८७१ मधे पुरं झालं, आणि खर्च इतका वाढला की लंडनच्या पार्लमेंटमधे त्यावर ओरड झाली. विद्यापीठ तिथे आलं १९४९ मधे. तो उंच मनोरा मी कॉलेजात असताना शंभर वेळा बघितला असेल, पण दुर्बिणीतून पहिल्यांदा बघितला तेव्हा कळलं की वरती केवढं नक्षीकाम आहे आणि तिथे एक घार कायमची भाडेकरू आहे. नवीन दुर्बीण घेतली तर आधी अशी न हलणारी गोष्ट बघा असं माझं मत आहे. हात स्थिर कसा ठेवायचा, कोपर बरगडीला कसं टेकवायचं, हे इमारतीवर शिकावं, पक्ष्यावर नाही.

आता मुद्द्याचं. विद्यापीठात चारशे एकरांवर जागा आहे आणि जुने वड, पिंपळ, उंबर भरपूर. वडाला फळं लागली की त्याच्याखाली उभं राहायचं, फिरायची गरजच नाही. बाकी वॉकवाले आपले हात हलवत, फोनवर मोठ्याने शेअर मार्केट बोलत तीन चकरा मारून जातात आणि डोक्यावर हरियाल बसलेले असतात, वीस-पंचवीस, कुणाला पत्ता नसतो. हरियाल म्हणजे आपला राज्यपक्षी, हिरवं कबूतर. शाळेत परीक्षेला लिहिला होता, प्रत्यक्षात बघितला चाळिशीत. साध्या डोळ्याला तो दिसतच नाही, वडाच्या पानात पान होऊन बसतो. दुर्बिणीतून आधी काहीच नाही, मग एक पान हललं, मग त्या पानाला डोळा दिसला, मग पिवळेधमक पाय, हळदीत बुडवल्यासारखे. एक दिसला की मग भराभर दिसायला लागतात, इथे एक, तिथे तीन, अरे ही अख्खी फांदीच! त्या दिवशी आम्ही एका झाडाखाली पाऊण तास उभे होतो. मान अवघडली ती मंगळवारपर्यंत.

बाबांचा लाडका पक्षी मात्र तांबट. चिमणीएवढाच, हिरवा, कपाळावर लाल टिकली, आणि आवाज टुक् टुक् टुक् टुक् एका लयीत, न थांबता. मी म्हटलं बाबा तो बघा तांबट, तर म्हणाले बघायचं काय त्यात, ऐक. लहानपणी त्यांचं घर तांबट आळीच्या अगदी जवळ, दिवसभर तांब्याच्या पत्र्यावर हातोड्या पडायच्या. त्यांना हा पक्षी माहीतच नव्हता, आवाज माहीत होता. दुर्बिणीतून बघताना कळतं की टुक् म्हणताना तो दर वेळी डोकं वेगळ्या दिशेला वळवतो, म्हणून आवाज कुठून येतोय ते सापडत नाही. हे साध्या डोळ्याने कधीच लक्षात आलं नसतं, साडेआठ हजारातले हजार रुपये तिथेच वसूल.

उरलेले साडेसात हजार धनेशाने वसूल केले. राखी धनेश विद्यापीठात आहेत हे पुण्यातल्या पक्षीवाल्यांना नवीन नाही, मला नवीन होतं. केवढी ती चोच, आणि उडताना पंख चार वेळा मारणार मग तरंगत जाणार, परत चार वेळा. एप्रिलमधे आम्हाला एका ढोलीपाशी नर येताना दिसला. मादी आत स्वतःला कोंडून घेते, ढोलीचं तोंड विष्ठेने लिंपून बंद करते, फक्त चोचीपुरती फट ठेवते. अंडी, पिल्लं, सगळं आत. तेवढे दिवस नर बाहेरून खाऊ घालतो. आम्ही लांब, रस्त्याच्या पलीकडे, एका कट्ट्यावर बसून बघितलं. नर आला, मान वर केली, गळ्यातून एक फळ वर काढलं, फटीत दिलं. मग दुसरं. मग तिसरं. बाबा मोजत होते. अठरा! एका फेरीत अठरा फळं, एकेक करून, आणि आतून चोचीचं फक्त टोक दिसायचं. बाबा म्हणाले, "मनीऑर्डर वाटल्यासारखं देतोय." टपाल खात्यातून रिटायर झालेला माणूस, त्यांना दुसरं काय सुचणार. कुठल्या झाडावर ते विचारू नका, सांगणार नाही. मोबाइल घेऊन लोक ढोलीखाली गर्दी करतात, नर येईनासा होतो, आत मादी उपाशी. दुर्बिणीचा खरा उपयोग हाच आहे, लांब बसता येतं.

नंतर कँटीनमधे चहा आणि पोहे. दुर्बीण पोह्यात पडली ती इथेच. टेबलावर ठेवताना पट्टा अडकला. वॉटरप्रूफ असल्याने घरी येऊन सरळ नळाखाली धरली आणि काही झालं नाही, पण मधल्या चाकाच्या खाचेत अडकलेला मोहरीचा दाणा अजून तिथेच आहे. चाक फिरवलं की किंचित कर्र होतं.

तक्रारी आहेतच. पहिली वजनाची. साडेसहाशे ग्रॅम ऐकायला काही नाही पण गळ्यात दोन तास घालून वेताळ टेकडी चढा मग कळेल. कंपनीने दिलेला पट्टा म्हणजे पायजम्याच्या नाडीचा चुलतभाऊ. तो पहिल्याच महिन्यात काढून टाकला आणि पाठीवरून जाणारा चार टोकांचा हार्नेस घेतला, सहाशे रुपये, तेव्हापासून मान सुटली. खरं सांगायचं तर फक्त बाबांसाठी घेतली असती तर ८×३२ घेतली असती, दीडशे ग्रॅम तरी हलकी पडते. ४२ च्या भिंगाचा फायदा अंधुक उजेडात, कारण मागून डोळ्यात पडणारा तो उजेडाचा ठिपका मोठा, बेचाळीस भागिले आठ, सव्वापाच मिलिमीटर. पण वयाबरोबर डोळ्याची बाहुली तेवढी उघडेनाशी होते, त्यामुळे सत्तरीच्या माणसाला तो जास्तीचा उजेड वायाच जातो. एक मात्र आहे, ठिपका मोठा असला की डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र जात नाही, हात थरथरणाऱ्याला ते बरं पडतं.

वेताळ टेकडी आम्ही चतुःशृंगीच्या मागून चढतो. बाबा अर्ध्यापर्यंत येतात आणि दगडावर बसतात, दुर्बीण साहजिकच त्यांच्याकडे राहते. जूनमधे पहिला पाऊस झाल्यावर गेलो तेव्हा झुडपातून दोन सुरांची शिट्टी येत होती, कुणीतरी टवाळ पोरगं असेल असं वाटलं. नवरंग होता. पावसाळ्याच्या तोंडाला येतो तो, हिरवा, निळा, पोटाखाली लाल, डोळ्यावर काळी पट्टी, रंगपेटी सांडल्यासारखा, आणि एवढे रंग असून पालापाचोळ्यात जमिनीवर उड्या मारत फिरतो त्यामुळे दिसत नाही. मला तीन सेकंद दिसला. मी दुर्बीण बाबांकडे दिली, त्यांनी अंगठी फिरवली, कप काढले, नवरंग गेला. परतीच्या वाटेवर आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. खाणीपाशी मोर दिसला तेव्हा समेट झाला, मोर काय, दुर्बीण नसली तरी दिसतो.

पावसात एक लक्षात ठेवा. वॉटरप्रूफ दुर्बिणीत नायट्रोजन भरलेला असतो त्यामुळे आतून वाफ धरत नाही, ते खरंच आहे, एक थेंब आत गेला नाही. पण बाहेरून मागच्या भिंगावर आपल्या श्वासाची वाफ बसते, वर चष्म्यावर बसते ती वेगळी. टेकडीवर पावसात अर्धा वेळ पुसण्यात जातो, ओढणीने पुसायचं नाही, बारीक ओरखडे पडतात, ते फडकं खिशात ठेवायचं. घरी आल्यावर केसमधे बंद करून कपाटात टाकली तर पुण्याच्या जुलै-ऑगस्टमधे बुरशी धरायला वेळ लागत नाही. बाबांनी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली होती, मोबाइल भिजल्यावर करतात तसं. नका करू, तांदळाची पिठूळ भुकटी सगळ्या फटीत जाते, मी इअरबडने तासभर बसून काढली. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, बास.

पुढच्या झाकणांबद्दल एक शब्द. एक वेताळ टेकडीवर हरवलं, दुसरं घरातच हरवलं. संपलं.

पाषाण तलाव थंडीत. हा तलावपण इंग्रजांनी बांधलेला, गव्हर्नमेंट हाउसला पाणी पुरवायला, म्हणजे विद्यापीठाशी नातं आहेच. आता जलपर्णी वाढलेली असते आणि पूर्वीएवढे पक्षी येत नाहीत असं जुने लोक सांगतात, पण आम्ही नवखे, आम्हाला जे दिसतं तेवढं पुरतं. हळदीकुंकू बदक! नाव ऐकून हसले होते मी, दुर्बिणीतून बघितल्यावर हसणं थांबलं, चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी लाल ठिपके, अगदी हळदीकुंकू लावल्यासारखं. वारकरी म्हणजे काळाभोर पाणपक्षी, कपाळावर पांढरा टिळा, थव्याने चाललेले. ज्यांनी ही नावं ठेवली त्या माणसांना दुर्बीण नव्हती, डोळे काय असतील त्यांचे.

तिथेच एका वाळक्या फांदीवर खंड्या बसला होता. खंड्या काय, नेहमीचा, तारेवरपण दिसतो. बाबांनी बघितला आणि दुर्बीण खालीच करेनात. मी म्हटलं द्या ना मला, तर नाही. बराच वेळ झाला. मग म्हणाले, "याची पाठ आधीपासून एवढी निळी होती?" मला आधी वाटलं चेष्टा करतायत. मोतीबिंदूत भिंग पिवळट होत जातं आणि निळा रंग अडवतं, हळूहळू, वर्षानुवर्षं, त्यामुळे कळत नाही की निळा गेलाय. ऑपरेशन होऊन सात महिने झाले होते, पण घरात, रस्त्यात, असा निळा समोर कुठे येतो. खंड्या उडाला तेव्हा पंख उघडले आणि अजून निळा दिसला. बाबा काही बोलले नाहीत, चष्मा नसतानाही सवयीने नाकावर बोट नेलं चष्मा सरकवायला. त्या दिवशी मी दुर्बीण मागितली नाही.

त्याच दिवशी परत येताना घोळ झाला तोही सांगून टाकते, दुसऱ्या कुणाचा होऊ नये म्हणून. तलावाजवळच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत जास्वंदीवर शिंजीर आला होता, बाबांनी रस्त्यात उभं राहून दुर्बीण रोखली. गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालत होत्या. पुढचं सांगत नाही. मी हात जोडले, बाबांनी पक्षी पक्षी म्हणून बोट दाखवलं, शिंजीर अर्थातच गेला होता. शहरात दुर्बीण वापरायची तर झाडाकडे, पाण्याकडे, आकाशाकडे, कुणाच्या खिडकीकडे नाही. आणि पाषाणच्या बाजूला संरक्षण खात्याच्या संस्था आहेत, त्यांच्या भिंतींच्या दिशेने तर दुर्बीण काढूच नका, फुलपाखरू असलं तरी.

रात्री गच्चीवरूनपण वापरतो. चंद्र पौर्णिमेला बघू नका, सपाट दिसतो, सप्तमी-अष्टमीला बघा, उजेड-अंधाराच्या सीमेवर खड्ड्यांच्या सावल्या पडतात. कृत्तिकांचा पुंजका साध्या डोळ्याला सहा-सात तारे, दुर्बिणीत वाटीभर. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला विद्यापीठातल्या आयुकात, म्हणजे खगोलशास्त्राच्या संस्थेत, गेलो होतो, चार्ल्स कोरियांनी केलेली ती वास्तू, मधल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे, शाळेच्या पोरांची ही गर्दी. बाबांनी गर्दीच्या मागून दुर्बिणीतून पुतळे बघून घेतले. घरी आल्यावर म्हणाले गॅलिलिओने १६१० मधे गुरूचे चार चंद्र बघितले म्हणे, आपल्याला दिसतील का. हातात धरून दिसले नाहीत. मग गच्चीच्या कठड्यावर उशी, उशीवर दुर्बीण, श्वास रोखून, आणि गुरूच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत सुईच्या टोकाएवढे ठिपके, तीन मला, चार बाबांना. चौथा खरंच होता का ते त्यांनाच माहीत.

घ्यायची का? घ्या. या किमतीत कडेचं चित्र थोडं मऊ दिसतं, उन्हात पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी रेघ येते, पण मधलं चित्र लख्ख आहे. जवळची गोष्ट अडीच मीटरपर्यंत स्पष्ट होते, त्यामुळे फुलपाखरंपण बघता येतात. वॉरंटीचं कार्ड आहे, वापरायची वेळ आली नाही. दोघांनी मिळून एक घेऊ नका एवढंच सांगेन, पण आत्ता दुसरीचं बजेट नाही म्हणून आम्ही एक जुगाड केलाय. डायॉप्टरच्या अंगठीवर माझ्या नंबरापाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका, बाबांच्या नंबरापाशी व्हाइटनरचा. दुर्बीण हातात आली की आपला ठिपका रेघेला लावायचा, तीन सेकंद. परवाच्या रविवारी नवरा पहिल्यांदा आमच्याबरोबर आला, कटकट करत, डोळे चोळत, आणि वडाखाली त्याला हरियाल दिसले. आता घरात हिरवं नेलपॉलिश आलंय.